झाग्रेबला राहायला जाते आहे, तिथला पेपर कसा वाचायचा?

मंजिरी_सांगली

नमस्कार मंडळी. नवऱ्याची तीन वर्षांसाठी झाग्रेबला बदली झाली आहे. सप्टेंबरात आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा निघतो आहोत. घर, शाळा, व्हिसा यांची माहिती मिळाली आहे, त्यामुळे ते विचारत नाही.

मी अकरा वर्षं सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. रात्री अकराला पान सोडायचं, सकाळी चहाबरोबर तेच पान पुन्हा वाचायचं, आणि एखादी चूक दिसली की दिवसभर रुखरुख. २०१९ च्या महापुरात आमच्या कचेरीतला फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. लोक एकच विचारायचे, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं. दिल्लीत काय चाललंय, मुंबईत काय चाललंय, कुणाला काही पडलेलं नव्हतं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं का, एवढंच. त्या आठवड्यापासून गाव म्हणजे मला गावची बातमी वाटते.

आता मी अशा शहरात जाते आहे जिथला पेपर मला वाचताच येणार नाही. क्रोएशियाबद्दल शोधलं की निळा समुद्र, धबधबे आणि जुन्या तटबंद्या दिसतात. तिथे कचऱ्यावरून कोण भांडतं, लोक कुठे जमतात, कुठल्या पेपरवर विश्वास ठेवतात, महापौराला शिव्या कुठे बसून देतात, हे कुणी लिहीत नाही. तिथे राहणाऱ्या कुणी सांगाल का? भाषा शून्य असताना सुरुवात कुठून करायची?

त्रेश्नेव्काची_सून

मंजिरीताई, तुमचा प्रश्न वाचला आणि कामावरून आल्याआल्या लिहायला बसले. नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

मी कराडची. २०१६ मध्ये लग्न होऊन इथे आले, नवरा इथलाच. त्रेश्नेव्का ही आमची वस्ती, शहराच्या पश्चिमेला, जुन्या कामगारांची घरं आणि मध्ये मोठी मंडई. सासूबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मला हे शहर त्यांनी वाचायला शिकवलं.

आधी भाषा. घाबरू नका. क्रोएशियनला सात विभक्त्या आणि तीन लिंगं आहेत. भाषेच्या वर्गात इंग्रजी बोलणारी मुलं रडकुंडीला यायची आणि मी मात्र प्रथमा, द्वितीया, तृतीया करत शाळेच्या बाकावर जाऊन बसायचे. संबोधनसुद्धा आहे. इवानला हाक मारायची तर 'इवाने'. 'ब्रात' म्हणजे भाऊ, हे तर कुणी समजावून सांगावंच लागलं नाही. आणि खास झाग्रेबची गोष्ट म्हणजे 'काय'. पुस्तकी भाषेत 'काय'ला 'श्तो' म्हणतात, समुद्रकाठी 'चा', पण झाग्रेबची जुनी माणसं 'काय'च म्हणतात, अगदी आपल्यासारखं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून "काय?" असं विचारलं आणि मला एकदम कराडच्या घरातला ओटा दिसला.

पेपर दोन मोठे. 'वेचेर्नी लिस्त' १९५९ चा, 'युतार्नी लिस्त' १९९८ चा. नावाप्रमाणे एक संध्याकाळचा आणि एक सकाळचा, पण आता दोन्ही सकाळीच मिळतात. तिसरा '२४ साता', छोट्या आकाराचा, मोठ्या मथळ्यांचा. मोबाइलवर बहुतेक जण 'इंडेक्स' बघतात. एचआरटी ही सार्वजनिक वाहिनी. तिचा रेडिओ १९२६ पासूनचा, टीव्ही १९५६ पासूनचा. घरात टीव्ही किंवा रेडिओ असला की तिच्यासाठी महिन्याला साडेदहा युरोंहून थोडं जास्त द्यावं लागतं. ती सरकारच्या फार जवळ आहे अशी लोकांची तक्रार असते, आणि तरीही सातच्या बातम्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर ऐकू येतात. पत्रकारांवर मानहानीचे दावे लावायची इथे फार वाईट खोड आहे. २०१९ मध्ये त्यांच्या संघटनेने मोजले तर असे हजारावर दावे कोर्टात पडून होते, त्यातले काही राजकारण्यांचे, काही खुद्द न्यायाधीशांचे. त्या मार्चमध्ये पत्रकार रस्त्यावर उतरले होते. तुम्ही या धंद्यातल्या आहात, तुम्हाला हे आधी कळलेलं बरं.

पण सासूबाई पेपर शेवटून उघडतात. शेवटी असतात 'ओस्मर्त्नित्से', म्हणजे निधनाच्या जाहिराती. काळी चौकट, छोटा फोटो, खाली घरच्यांची नावं. पहिला हिवाळाभर आम्ही दोघी ती पानं वाचत बसायचो. सुप्रुगा म्हणजे पत्नी, उनुक म्हणजे नातू, हे मी तिथे शिकले. आणि मग त्या म्हणायच्या, "ही बाई दोलाट्सवर चीज विकायची", "हा ट्राम चालवायचा, सहा नंबर". दोलाट्स ही मुख्य मंडई, १९३० पासूनची, लाल छत्र्यांची. शहराच्या मुख्य चौकाच्या अगदी वर, थोड्या पायऱ्या चढल्या की आलीच. पहिल्या वर्षी मला शहर असं कळलं. गेलेल्या माणसांच्या यादीतून. तुम्ही हेच करा. वाक्यं छोटी असतात, शब्द तेच तेच येतात, आणि वाचता वाचता कुठल्या वस्तीत कोण राहतं याचा नकाशा तयार होतो.

आता तो चौक. बान म्हणजे जुन्या काळचा राज्यप्रमुख, त्या बान यलाचिचचा घोड्यावरचा पुतळा शहराच्या मधोमध आहे. १९४७ मध्ये तेव्हाच्या सरकारने तो काढून टाकला होता, १९९० मध्ये परत उभा केला. कुणाला भेटायचं असेल तर "शेपटीखाली" म्हणतात, घोड्याच्या शेपटीखाली. नाहीतर "घड्याळाखाली". शनिवारी सकाळी सगळं शहर नीट कपडे करून कॉफीला बाहेर पडतं, त्याला 'श्पित्सा' म्हणतात. एका कपावर दोन तास. महापौराला शिव्या इथे बसून देतात, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुपारी बाराला वरच्या गावातल्या लोत्रश्चाक बुरुजावरून रोज तोफ उडते, १८७७ पासून. मुलाला पहिल्याच आठवड्यात घेऊन जा, पण कान झाकायला सांगा.

याच चौकातली एक गोष्ट सासूबाई दरवर्षी सांगतात. 'रेडिओ १०१' हे १९८४ मध्ये तरुणांचं केंद्र म्हणून सुरू झालं. नव्वदच्या दशकात टीव्ही सरकारच्या मुठीत होता, तेव्हा हे केंद्र फोनवरून श्रोत्यांना बोलू द्यायचं, मंत्र्यांची फिरकी घ्यायचं. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याचा परवाना काढून दुसऱ्याला द्यायचं ठरलं. राष्ट्राध्यक्ष तुजमान तेव्हा अमेरिकेत इस्पितळात होते. २१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी एक लाखाच्या आसपास माणसं या चौकात आली. एका रेडिओसाठी! सासूबाई तेव्हा एका शाळेत ग्रंथपाल होत्या, आयुष्यात मोर्चाला गेलेल्या नव्हत्या. थर्मास घेऊन गेल्या आणि ट्राम मिळेना म्हणून रात्री चालत घरी आल्या. त्या म्हणतात, "ते बंद झालं असतं तर सकाळी स्वयंपाकघरात शहर बोलायचं थांबलं असतं." सरकारला माघार घ्यावी लागली. युगोस्लाव्हियातून फुटतानाचं युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं, लोकांकडे पैसा नव्हता, भीती होती, आणि ते आले. मला ही गोष्ट कितीदा ऐकली तरी पुरत नाही.

त्याच रांगेतली दुसरी गोष्ट माझ्या नवऱ्याची. त्स्व्येत्नी त्रग म्हणजे फुलांचा चौक. तिथे एक बिल्डर व्यापारी संकुल बांधत होता आणि त्याच्या तळघरातल्या पार्किंगची उतरण पादचाऱ्यांच्या वार्शाव्स्का रस्त्यात निघणार होती. 'शहरावरचा हक्क' असं म्हणत तरुणांनी २०१० मध्ये तिथे ठिय्या दिला. जुलैत पोलिसांनी शंभराहून जास्त जणांना उचलून नेलं, नवरा त्यांत होता. उतरण शेवटी झालीच, आजही आहे, आम्ही तिथून जातो तेव्हा तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतो. पण त्या आंदोलनातला एक कार्यकर्ता तोमिस्लाव तोमाशेविच २०२१ मध्ये महापौर झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून आला. त्याच्याआधी मिलान बांदिच, मधला थोडा काळ सोडला तर २००० पासून २०२१ मध्ये मरेपर्यंत. कचऱ्याचं भांडण दोघांच्याही काळात आहेच. ऑक्टोबर २०२२ पासून मिश्र कचरा पालिकेच्या निळ्या पिशवीतच टाकावा लागतो. पिशवी विकत घ्यायची, म्हणजे कचरा जितका कमी तितका खर्च कमी. त्यावरून आमच्या जिन्यात जे झालं ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

आणि २२ मार्च २०२०. रविवार, सकाळचे सहा चोवीस. ५.५ चा भूकंप, टाळेबंदी नुकतीच सुरू झालेली. आम्ही सासूबाईंना चादरीसकट खाली आणलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. एकीकडून सांगत होते घरात जाऊ नका, दुसरीकडून सांगत होते एकमेकांपासून दूर राहा. कथीड्रलच्या दक्षिणेकडच्या मनोऱ्याचं टोक खाली आलं होतं. पेत्रोवा रस्त्यावरच्या प्रसूती रुग्णालयातून बाळंतिणी तान्ह्या बाळांना घेऊन थंडीत उभ्या होत्या आणि दिनामो फुटबॉल क्लबचे चाहते, ज्यांना एरवी लोक गुंड म्हणतात, ते येऊन सामान हलवत होते. आम्ही गाडीत रेडिओ लावून बसलो. शेजारीपाजारी काच खाली करून ऐकत होते. पंधरा वर्षांची एक मुलगी गेली, हे तिथेच कळलं. मंजिरीताई, "आयर्विनला किती फूट" वाचलं आणि मला ती गाडी आठवली.

एक गोष्ट मला खटकते ती पण लिहिते. इथे आता परदेशी कामगार खूप आहेत. २०२४ या एका वर्षात दोन लाखांहून जास्त परवाने दिले गेले, देश सगळा मिळून अडतीस-एकोणचाळीस लाखांचा. नेपाळी, भारतीय, फिलिपिनो. जेवणाच्या पेट्या पाठीवर घेऊन सायकलवर फिरणारी मुलं तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसतील. पेपरात ती 'स्त्रानी राद्निक' म्हणून येतात, परदेशी कामगार. आकडा येतो, मारहाण झाली की बातमी येते, पण नाव, गाव, आईबाप क्वचितच. ज्या पेपरात चीज विकणाऱ्या बाईच्या निधनाला फोटोची चौकट मिळते त्यात हे व्हावं याचं मला वाईट वाटतं. तुम्ही अकरा वर्षं डेस्कवर काढली आहेत. भाषा आली की यावर लिहा, मी मदत करीन.

दाभोळचा_चीफ

वरचं वाचून राहवलं नाही. मी जहाजावर चीफ इंजिनियर होतो, आता घरी. २००९ ला आमचं जहाज रियेकाजवळच्या गोदीत पाच आठवडे दुरुस्तीला होतं. त्यानंतर स्प्लिटलाही दोनदा गेलो. झाग्रेबवाल्यांना समुद्र म्हणजे सुट्टी, पण मंजिरीताई, तुम्ही रियेकाला कामाच्या दिवशी जा.

फिटर लोक दहाच्या सुट्टीत 'नोवी लिस्त' वाटून घ्यायचे, एक पान एकाकडे, एक दुसऱ्याकडे. हा पेपर १९०० साली फ्रानो सुपिलोने काढला. नव्वदच्या दशकात बाकीची दैनिकं सरकारच्या तालावर नाचत होती तेव्हा हा नाचला नाही, हे मला आमच्या गोदीतल्या फोरमनने अभिमानाने सांगितलं, जसं काही त्याने स्वतःच छापला होता. त्याच गावात 'ला व्होचे देल पोपोलो' हा इटालियन पेपर निघतो. कारण दोन महायुद्धांच्या मध्ये रियेचिना नदी ही सरहद्द होती. अलीकडच्या काठाला इटली, पलीकडच्या काठाला सुशाक, ते युगोस्लाव्हियात. पूल ओलांडला की देश बदलायचा. फोरमनची आजी म्हणे एकाच घरात राहून चार देशांची नागरिक झाली. पाण्याखालून जाणारा पहिला टॉर्पेडो १८६६ मध्ये इथेच झाला, तो कारखाना बंद पडून पडीक होता, त्याचा समुद्रात घुसलेला धक्का मी बघून आलो. आपल्याकडच्या गिरण्या आठवल्या.

हिवाळ्यात 'बुरा' नावाचा वारा डोंगरावरून खाली कोसळतो. पूल बंद, फेरी बंद. त्या दिवशी कुणी राजकारण वाचत नाही, सगळे वारा किती ते विचारतात. तुमच्या आयर्विनसारखंच ते.

स्प्लिटमध्ये रोमन सम्राटाच्या राजवाड्यात लोक अजून राहतात, दोरीवर चड्ड्या वाळत असतात. मासळीबाजारात माशी नाही, कारण शेजारी गंधकाचा झरा आहे. दाभोळच्या माणसाला याचं किती कौतुक वाटलं असेल बघा! तिथला पेपर 'स्लोबोद्ना दाल्मात्सिया', १९४३ ला मोसोर डोंगरात युद्ध चालू असताना निघालेला. १९९३ मध्ये तो सरकारच्या मर्जीतल्या उद्योगपतीकडे गेला, तेव्हा त्यातली तीन पोरं बाहेर पडली: इवान्चिच, लुत्सिच, देझुलोविच. त्यांनी त्यांची विनोदी पुरवणी 'फेरल ट्रिब्यून' स्वतंत्र साप्ताहिक म्हणून काढली. वर्षअखेरीला मुखपृष्ठावर तुजमान आणि सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच एकाच पलंगावर दाखवले. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना अश्लील मासिकांचा जबर कर लावला, तो पुढे घटनापीठात टिकला नाही. २००८ ला पैशाअभावी बंद पडलं. मी २००९ ला पोचलो तेव्हा धक्क्यावरच्या कॉफीवाल्याने गल्ल्याखालून एक जुना अंक काढून दाखवला. वाचता येत नव्हता. तो एकेक चित्र समजावत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. तेव्हाच मला कळलं की हे नुसतं विनोदी साप्ताहिक नव्हतं.

नंदिनी_पणजी

गोव्यातून एक जोड देते. जुन्या गोव्याजवळ कुंभारजुवेच्या खाडीकाठी गवंडाळी गाव आहे. तिथलं सांव ब्राझचं चर्च सोळाव्या शतकात दुब्रोव्हनिकहून मसाल्यासाठी आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलं, असं सांगतात. तेव्हा ते शहर रागुसा नावाचं स्वतंत्र व्यापारी गणराज्य होतं. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत तोच, त्यांच्या भाषेत स्वेती व्लाहो, आणि त्याच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती असते. सण दोन्हीकडे ३ फेब्रुवारीला. मी गवंडाळीच्या फेस्ताला लहानपणापासून जाते. म्हणून गेल्या वर्षी मुद्दाम तोच दिवस धरून दुब्रोव्हनिकला गेले.

फेब्रुवारीत गेले हे बरं झालं. जुन्या तटबंदीच्या आत आता दोन हजारही माणसं राहत नाहीत, उन्हाळ्यात ती पर्यटकांत दिसेनाशी होतात. पण त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून निशाणं घेऊन लोक आले होते आणि स्त्रादुन रस्ता त्यांचा होता. मी जिथे उतरले त्या घरातल्या काकींनी मला वर डोंगर दाखवला, स्र्ज. त्याच्या माथ्यावर गोल्फचं मैदान आणि बंगले करायचे होते. लोकांनी सह्या गोळा करून एप्रिल २०१३ मध्ये सार्वमत घ्यायला लावलं, लोकांच्या मागणीवरून झालेलं देशातलं पहिलं स्थानिक सार्वमत. आलेल्यांतल्या पाचापैकी चार जणांनी "नको" म्हटलं, पण निम्मे मतदार आले नाहीत म्हणून ते ग्राह्य धरलं गेलं नाही. काकी हे सांगताना "स्र्ज ये नाश" म्हणाल्या, स्र्ज आमचा आहे. गोव्यात डोंगर कापताना बघणाऱ्या माणसाला ते समजायला भाषा लागत नाही. क्रूझ जहाजं मात्र त्यांनी आवरली आहेत. आता एका वेळी दोन, त्याहून जास्त नाहीत.

मंजिरी_सांगली

तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. प्रिंट काढून ठेवते आहे. त्रेश्नेव्काताई, कालपासून मुलाला "काय" शिकवायची गरज नाही म्हणून सांगते आहे, तो खूश आहे.

एक विचारू? वाचता वाचता वुकोवारच्या एका रेडिओ पत्रकाराचं नाव दिसलं. इंग्रजीत दोनच ओळी होत्या. लोक त्याच्याबद्दल अजून बोलतात का?

त्रेश्नेव्काची_सून

सिनिशा ग्लावाशेविच. हो, बोलतात. आवाज खाली करून.

वुकोवार पूर्वेला, दुनाव म्हणजे डॅन्यूबच्या काठावर. १९९१ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याचा आणि सर्ब तुकड्यांचा ८७ दिवस वेढा होता. तो रेडिओ वुकोवारचा वार्ताहर होता, एकतीस वर्षांचा. तळघरातून रोज बातमी द्यायचा. किती गोळे पडले, कुठला रस्ता गेला, आज कोण मेलं. आणि त्यातच मध्ये छोटी स्फुटं वाचायचा, मैत्रीवर, लहानपणावर, शहरावर. बाहेर सगळा देश ते ऐकत होता. १८ नोव्हेंबरला शहर पडलं, त्या दिवशीही त्याची बातमी आली. मग इस्पितळातून ज्यांना नेलं त्यांत तो होता. ओव्हचारा नावाच्या शेतावर २०० च्या आसपास माणसांना मारलं. त्याचे अवशेष काही वर्षांनी सापडले.

नवरा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला शब्द आठवत नाहीत, मागची खरखर आठवते, आणि आई हातातलं ताट तसंच धरून रेडिओपुढे उभी होती ते.

त्या शहरात आजही क्रोएट आणि सर्ब मुलांच्या शाळेच्या तुकड्या वेगळ्या भरतात. २०१३ मध्ये सरकारी इमारतींवर सिरिलिक, म्हणजे सर्ब लोकांच्या लिपीतल्या, पाट्या लावल्या तेव्हा लोकांनी हातोड्याने फोडल्या. सासूबाईंना दोन्ही बाजूंचं दुःख आहे, त्यांची जिवलग मैत्रीण सर्ब आहे. त्या त्यावर फार बोलत नाहीत, तुम्हीही पहिल्या भेटीत विचारू नका.

१८ नोव्हेंबरला क्रोएशियाच्या गावोगावी वुकोवारच्या नावाच्या रस्त्यावर लोक मेणबत्त्या लावतात. झाग्रेबमध्ये तो लांबच लांब सरळ रस्ता आहे, दोन्ही कडांना लाल काचेचे दिवे. ट्राम हळू जाते. आम्ही दरवर्षी सासूबाईंना घेऊन जातो, त्या आता काठी घेतात. तोवर तुम्ही इथे आलेल्या असाल. साडेपाचला शेपटीखाली भेटा. मुलाला टोपी आणि हातमोजे घाला, तेव्हा थंडी चांगली पडलेली असते. दिवे मी आणते.